रांग एक, पन्हळ एक, मालक अनेक: सॉल्टेअरच्या दगडी घरांचे प्रकरण

पाऊस थांबून अर्धा तास झाला, रस्त्यावरची फरसबंदी सुकायला लागली, तरी दोन घरांच्या मधोमध वरून थेंब पडतच असतात. त्या थेंबांखाली भिंतीवर हिरवट-काळा ओघळ. आत, वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत, नेमक्या त्याच जागी रंगाला फुगवटा आलेला. गंमत अशी की ज्याच्या खोलीत ओल, त्याची पन्हळ ठणठणीत असते. गळते ती शेजाऱ्याची.

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशरमधल्या कुठल्याही जुन्या दगडी घररांगेत हे दृश्य सापडेल, म्हणून इथे कुठल्याही एका घराचा नंबर सांगत नाही. रांगेतले मधले एक घर धरू, एवढे पुरे. गाव मात्र ठरवून निवडले आहे: ब्रॅडफर्डजवळचे सॉल्टेअर. एका गिरणीमालकाच्या पैशाने, वास्तुविशारदांच्या एकाच जोडीच्या नकाशांवर हे गाव उभे राहिले आणि सुमारे ऐंशी वर्षे त्याचा मालक एका वेळी एकच होता. आज दर दाराला वेगळा धनी आहे. भिंत आणि पन्हळ यांना ही वाटणी अजून कळलेली नाही. सगळे प्रकरण इथे आहे.

मालकाचे नाव टायटस सॉल्ट. जन्म 1803चा. अल्पाका या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लोकरीपासून चमकदार कापड काढून तो गब्बर झाला. ब्रॅडफर्डात त्याच्या पाच गिरण्या होत्या. शहर लोकरीवर फुगलेले, हवा धुराने काळी आणि गटारे उघडी. 1849च्या पटकीत तिथे 420 माणसे गेली, आणि त्या साथीच्या वर्षात शहराचा महापौर हाच सॉल्ट होता. पुढे त्याने शहरात सहावी गिरणी काढली नाही. सगळा पसारा उचलून चारेक मैलांवर एअर नदीच्या काठी नेला. तिथे लीड्स-लिव्हरपूल कालवा होता आणि रेल्वेमार्गही शेजारून जात होता. कोळसा आत यायला आणि माल बाहेर जायला याहून सोयीची जागा मिळाली नसती. गिरणी 20 सप्टेंबर 1853 रोजी, मालकाच्या पन्नासाव्या वाढदिवशी उघडली. तिची लांबी 545 फूट. गावाचे नाव मालकाच्या आडनावाला नदीचे नाव चिकटवून झाले: सॉल्ट अधिक एअर.

(आपल्याकडे कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी 1854 मध्ये काढली. ती गिरणी ताडदेवला 1856 मध्ये चालू झाली. म्हणजे सॉल्टेअर आणि गिरणगाव हे जवळजवळ एका पिढीचे. पुढचे वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे.)

नकाशे केले लॉकवूड आणि मॉसन या जोडीने. ब्रॅडफर्डचे सेंट जॉर्जेस हॉल, नंतरचे वूल एक्स्चेंज आणि टाउन हॉल ही सगळी कामे त्यांचीच. सॉल्टेअरच्या रस्त्यांची नावे वाचली की घरच्या लग्नाची पत्रिका वाचल्यासारखे वाटते. राणी आणि तिचा नवरा आहेत. मालकाची बायको कॅरोलाइन आहे. अमेलिया, एडवर्ड, फॅनी, हर्बर्ट, मेरी, हेलन, एडा अशी मुलाबाळांची रांग आहे. शेवटी एकेक रस्ता लॉकवूड आणि मॉसन यांनाही दिला आहे.

समकालीन मोजणीप्रमाणे 25 एकरांत 850 घरे आणि वृद्धांसाठी 45 छोटी घरे मिळून 895 बिऱ्हाडांची सोय झाली. जमीन सोडून खर्च आला 1,06,562 पौंड. भागाकार केला तर घरटी 119 पौंडांच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण त्या पैशात काय मिळाले ते बघा. ब्रॅडफर्ड-लीड्स भागात त्या काळी कामगारांसाठी पाठीला पाठ लावून घरे बांधायची पद्धत होती. तीन बाजूंनी शेजारी, दारे-खिडक्या एकाच बाजूला, हवा आली त्याच वाटेने परत. सॉल्टेअरमध्ये प्रत्येक घराला पुढून आणि मागून उजेड होता. खाली बसायची खोली, मागे मोरीवजा स्वयंपाकाची खोली, तळघरात कोठीची जागा, वर झोपायच्या खोल्या. परसात स्वतःचा संडास आणि कोळशाची कोठडी. परसामागे गल्ली, मैला आणि राख उचलून नेण्यासाठी. मुंबईकर तिला बघताक्षणी हाउसगल्ली म्हणेल. घरात नळ होता आणि गॅसचा दिवाही होता. 1850च्या दशकात, कामगाराच्या घरात.

आता रांगेसमोर उभे राहू.

पहिल्या नजरेला सगळे एकसारखे दिसते: मधाच्या रंगाकडे झुकणारा वालुकाश्म, वेल्सची करडी स्लेट, ठराविक अंतरावर धुराडी. पाच मिनिटे थांबले की फरक दिसू लागतात. काही रांगांची टोके तीन मजली आहेत, कुठे मधलेही एखादे घर तीन मजली उचललेले आहे. लांबलचक दुमजली भिंत कंटाळवाणी होऊ नये म्हणून दोन्ही टोकांना जाड आधार द्यावा, तशी ही उंच घरे उभी आहेत. फळीवर पुस्तके लावताना शेवटी वजनदार ग्रंथ ठेवतो त्यातला प्रकार. ही नुसती शोभाही नव्हती. मोठ्या घरांत बिनलग्नाच्या कामगारांना खोल्या देत, किंवा वरच्या हुद्द्याचे कुटुंब राही. शोभा आणि वापर एकाच दगडात बसवायचे हे कसब मला या जोडीच्या टाउन हॉलपेक्षा मोठे वाटते. टाउन हॉलात पैसा ओतला होता. इथे प्रत्येक शिलिंग मोजला होता.

दुसरा फरक दारापुढचा. साध्या कामगाराचे दार थेट पदपथावर उघडते. मुकादमाच्या, म्हणजे मुंबईच्या गिरणीभाषेत जॉबरच्या, घरापुढे चार पावलांची बाग येते. दार-खिडकीवर सपाट दगडी तुळई न येता अर्धगोल कमान येते. आणखी वर चढा. पश्चिमेच्या कडेला अल्बर्ट रोडवर कचेरीतले अधिकारी आणि शिक्षक यांची घरे आहेत. ती मोठी, ऐसपैस, आणि बांधली तेव्हा समोर मोकळी शेते होती. गिरणीचे मस्टर उघडून वाचावे तसा हा गाव वाचता येतो. कमान दिसली की पगाराचा अंदाज करावा. नवा माणूस पत्ता सांगायचा तेव्हा ऐकणाऱ्याला त्याचा हुद्दाही कळत असणार.

मालकाची नजर किती बारीक, याचा एक नमुना. रस्त्यावर वाळत घातलेले कपडे सॉल्टला खपत नसत. म्हणून 1863 मध्ये 7,000 पौंड खर्चून स्नानगृह आणि धुलाईघर बांधले, त्यात वाफेवर चालणारी धुलाईयंत्रे बसवली. बायकांना ते काही रुचले नाही. आपली धुणी चारचौघांत घेऊन कोण जाईल? धुलाईघर फारसे चाललेच नाही. पुढे त्यात बिऱ्हाडे काढली आणि 1936 मध्ये ते पाडले. गावात दारूचा गुत्ताही नव्हता. आज व्हिक्टोरिया रोडवर ‘डोन्ट टेल टायटस’ नावाचा बार आहे, हा पिढ्यांनंतर उगवलेला सूड. टायटस स्ट्रीटवर एका घराच्या माथ्यावर छोटा मनोरा आहे. तिथून गावावर पाळत ठेवत असे सांगतात. खरे-खोटे मनोऱ्याला माहीत. पण अशी गोष्ट या गावाला चिकटावी यात नवल नाही.

इथे आपल्या चाळीबरोबर तुलना केल्याशिवाय मराठी वाचकाला पुढचा पेच नीट कळणार नाही. चाळीत बिऱ्हाड आडवे असते: एकाच मजल्यावर खोलीशेजारी खोली, पुढे सगळ्यांची गॅलरी, टोकाला सामाईक नळ आणि संडास. काय आपले आणि काय सगळ्यांचे, ते रोज पायाखाली येते. इंग्रजी घररांगेत बिऱ्हाड उभे कापलेले असते. जमिनीपासून छपरापर्यंतचा एक काप माझा, शेजारचा त्याचा. सामाईक काही दिसतच नाही. असते मात्र पुष्कळ. मधली भिंत दोघांची. छपराची स्लेट सलग. धुराड्याचा खांब बहुधा दोन घरांचा मिळून एक. आणि दर्शनी भिंतीच्या माथ्यावर, भिंतीतून पुढे काढलेल्या दगडी टोड्यांवर ठेवलेली लाकडी पन्हळ टोकापासून टोकापर्यंत एकच. चाळीतली माणसे सामाईक नळावरून भांडतात, कारण नळ डोळ्यांसमोर असतो. पन्हळ वीसेक फुटांवर असते. ती गळू लागल्याचे कळेपर्यंत दोन पावसाळे गेलेले असतात. यॉर्कशरमध्ये तर पावसाळा बाराही महिने.

आता भिंत जवळून बघू, कारण पाणी वरून येते पण मुरते भिंतीत.

हे दगड हातोडीने ठोकून तोंड खडबडीत ठेवलेले आहेत, पण थर मात्र सरळ. दारे, खिडक्या, कमानी यांच्या भोवतीचे दगड घडीव आणि गुळगुळीत. महाग काम जिथे नजर जाते तिथे, स्वस्त काम बाकीच्या पृष्ठभागावर. या भागातली अशी भिंत साधारण दीड फूट जाड असते. बाहेर हे दगड, आत ओबडधोबड दगड, मध्ये चिपा आणि चुना. बाहेरची आणि आतली कातडी एकमेकींना धरून राहावी म्हणून अधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घातलेले असतात. आपल्याकडचे गवंडी काळ्या दगडाच्या भिंतीत हेच करत आले आहेत.

अशा भिंतीत पाणी शिरणार हे बांधणाऱ्याने धरूनच ठेवलेले असते. ते बाहेर कसे पडेल, याची सोय दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत असते. दरजांतला चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र. भिंत भिजली की ओल चुन्यातून वाऱ्याला लागते आणि उडून जाते. त्यात चुना झिजतो, भुगा होऊन पडतो, पन्नास-साठ वर्षांनी दरजा पुन्हा भराव्या लागतात. झिजायचे काम चुन्याचे. दगड टिकवण्यासाठी तो दिलेला बळी आहे.

विसाव्या शतकात दरजा भरायला चुन्याच्या जागी सिमेंट आले. कठीण, झटपट, ‘पक्के’. त्यातही एक फॅशन निघाली. दरज दगडाच्या पातळीत न भरता बाहेर उचलून, दोन्ही कडा कापून फितीसारखी करायची. लांबून भिंतीवर जाळे टाकल्यासारखे दिसते. बोट फिरवून बघा: फितीच्या वरच्या कडेवर बोट अडकते. बोट अडकते तिथे पाणीही थांबते. दगडावरून ओघळलेले पाणी त्या कडेवर बसते, सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, मग दगडातूनच वाट काढते. थंडीत ते गोठते, फुगते, आणि दगडाचे तोंड पापुद्र्यांनी सुटू लागते. काही वर्षांनी चित्र उलटे होते: दगड आत गेलेला आणि सिमेंटची फीत हवेत उभी. बळी द्यायचा त्याला अमर केले आणि राखायचे त्याचा बळी दिला. असली भिंत पाहिली की मला चिडायला होते, पण चीड कुणावर काढायची? घरमालकाने पदरचे पैसे घालून घर ‘दुरुस्त’च केले होते.

काजळीचेही तसेच. गिरण्यांच्या आणि घरोघरच्या शेगड्यांच्या धुराने हा प्रदेशच्या प्रदेश काळा झाला होता. धूर थांबल्यावर दगड उजळवण्याची हौस आली. वाळूचा झोत मारून काजळी निघते खरी, पण दगडाची वरची टणक साय आणि घडीव कडांची धारही तिच्याबरोबर जाते. एका घराने झोत मारला, शेजारच्याने नाही, की रांगेत एक सोनेरी आणि एक काळा चौकोन तयार होतो. सीमा नेमकी मधल्या भिंतीच्या रेषेवर. नकाशात जी रेष कुणाला दिसू नये म्हणून एवढी मेहनत केली होती, ती अशी उघडी पडते.

ही रेष उघडी पडायला सुरुवात कधी झाली याचे साल सांगता येते. सॉल्ट 1876च्या डिसेंबरात गेला. 1892 मध्ये त्याच्या घराण्याची कंपनी अडचणीत येऊन गुंडाळली गेली, गिरणी नव्या मालकांकडे गेली, तरी गाव तिच्याबरोबरच राहिले. 1933 मध्ये घरे ब्रॅडफर्ड प्रॉपर्टी ट्रस्टला विकली आणि ट्रस्टने ती हळूहळू राहणाऱ्यांना विकली. भाडेकरू मालक झाले. यात वाईट काय? काहीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या मर्जीवर राहिलेल्या माणसाने स्वतःच्या दाराला स्वतःच्या आवडीचा रंग द्यावा, ही साधी मोकळीक आहे. वास्तुरचनेवर लिहिणारे लोक बदललेल्या दारा-खिडक्यांची हळहळ करताना हे विसरतात. कमानीवरून पगार ओळखू येत होता; आता खिडकीवरून आवड ओळखू येते. मला दुसरे अधिक माणसासारखे वाटते.

पण मोकळीक दाराच्या रंगावर थांबत नाही. सरकत्या लाकडी खिडकीच्या जागी प्लास्टिकची चौकट येते. घडीव दगडाच्या खोबणीत पातळ लाकूड बसायचे, तिथे जाड पांढरा पट्टा येतो. छपरात उजेडासाठी भोक पडते. आणि पन्हळ बदलली जाते. आपल्या कापापुरती, म्हणजे पंधराएक फूट.

दरम्यान गावाची किंमत बाहेरच्यांना कळू लागली होती. 1971 मध्ये ते संरक्षित क्षेत्र झाले. 1965 मध्ये बंद पडलेले रेल्वेस्थानक 1984 मध्ये पुन्हा उघडले. गिरणी मात्र 1986 मध्ये थांबली. मुंबईतला संप चिघळून गिरणगाव विझत चालले होते तीच वर्षे. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या उद्योजकाने सॉल्टची गिरणी विकत घेऊन तिथे ब्रॅडफर्डच्याच डेव्हिड हॉकनीच्या चित्रांचे दालन उघडले. परळ-लोअर परळच्या जमिनींचे काय झाले ते आठवून इथे मराठी माणूस जरा गप्प होतो. डिसेंबर 2001 मध्ये युनेस्कोने सॉल्टेअरला जागतिक वारसा म्हटले. घरे सूचीबद्ध, म्हणजे जतन करायच्या इमारतींच्या सरकारी यादीत, आहेतच. अशा इमारतीचे रूप परवानगीविना बदलणे हा 1990च्या कायद्याने फौजदारी गुन्हा ठरतो.

कायदा कडक आहे, पण तो एका दिशेने चालतो. चूक करू नका, एवढे तो सांगतो. शेजाऱ्यासह मिळून दुरुस्ती करा, हे तो कुणाला सांगत नाही. मधल्या भिंतीला हात लावायचा तर 1996च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते. पन्हळीसाठी तसले काही नाही. आपल्याकडे इमारत गळू लागली की सोसायटीची सभा भरते. आरडाओरडा होतो, सेक्रेटरीला शिव्या पडतात, तरी शेवटी कुणीतरी पत्रे घालतो आणि वर्गणी निघते. इंग्रजी घररांगेत प्रत्येक काप जमिनीसकट स्वतंत्र मालकीचा. सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही, शिव्या द्यायलासुद्धा कुणी नाही. करही असा की 2012पर्यंत सूचीबद्ध घरात परवानगीने केलेल्या बदलावर मूल्यवर्धित कर शून्य होता आणि साध्या दुरुस्तीवर पूर्ण. राखणाऱ्याला दंड, बदलणाऱ्याला सूट! आता दोन्हींवर पूर्ण कर आहे. याला न्याय म्हणायचे तर म्हणा.

आपल्या मधल्या घरात परत येऊ. ओल आलेल्या खोलीच्या मालकाने आधी आतून ओलरोधक रंग लावला. फुगवटा सहा महिन्यांनी दोन वीत शेजारी सरकला. मग बाहेरून सिमेंटने दरजा भरल्या. ओल वाढली, कारण वरून शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाटच बुजली. दोन्ही उपाय त्याच्या स्वतःच्या कापातले होते. बिघाड कापाबाहेर होता.

शिडी लावून वर गेले की उकल होते. डावीकडे जुनी लाकडी पन्हळ: चौकोनी, आतून शिशाचे किंवा डांबराचे अस्तर, दगडी टोड्यांवर आरामात बसलेली. उजवीकडे शेजाऱ्याने बसवलेली अर्धगोल प्लास्टिकची. चौकोन आणि अर्धगोल एकमेकांत बसत नाहीत, म्हणून सांध्यात पुट्टीसारखे काहीतरी थापलेले. ऊन लागले की प्लास्टिक लांबते आणि थंडीत आखडते. लाकूड जागचे हलत नाही. सांधा एका हिवाळ्यात सुटला. त्यात उतार उजवीकडून डावीकडे, त्यामुळे शेजाऱ्याच्या छपरावरचे सगळे पाणी त्या फटीपर्यंत चालत येते आणि तिथे दगडावर उतरते.

उपाय कागदावर अगदी साधा आहे. दोन्ही घरांवरची पन्हळ पुन्हा सलग लाकडाची करायची, सिमेंट हलक्या हाताने काढून दरजा चुन्याने भरायच्या, आणि मग भिंतीला सुकायला वेळ द्यायचा. दीड फूट दगड एका उन्हाळ्यात सुकत नाही. या कामांपैकी चुना आणि वेळ हे दोन्ही एकट्याला जमण्यासारखे. पन्हळीला दोन सह्या लागतात. आणि शेजाऱ्याच्या घरात तर ओल नाही.

हा पेच लॉकवूड आणि मॉसन यांच्या नकाशात नव्हता, कारण तेव्हा पन्हळीच्या दोन्ही टोकांना एकच मालक होता. त्याचा एक माणूस शिडी घेऊन रांगेच्या या टोकाला चढायचा आणि साफ करत त्या टोकाला उतरायचा. आज शिडी मधल्या घरापुढे लागते, वर चढणारा उजवीकडे हात लांबवतो, आणि खालून घरमालक ओरडतो, “तिकडची राहू दे, ती आपली नाही.”